देव उजव्या हाताला

"ए हिरव्या पडद्याच्या रिक्षा! देवाला उलटी परदक्षिना घालतंस कं रं?"

मी उडालेच! आवाज कुठून आला ते कळेना. वरून आला, मागून आला, समोरच्या गोदामाच्या भिंतीवर आपटून परत आला. रिक्षावाल्याने कचकन ब्रेक मारला, माझं कपाळ पुढच्या दांडीवर आपटलं. पण त्याचं लक्ष माझ्या कपाळाकडे नव्हतंच. त्याने सर्कलच्या मधल्या शेंदरी दगडाला हात जोडले, वर बघून "गलती हो गयी, दादूस!" म्हणून ओरडला, रिक्षा मागे घेतली आणि सर्कलला नीट वळसा घालून पलीकडे आला.

"कोण आहे हो हा माणूस?" मी कपाळ चोळत विचारलं.

"दीदी, आप जिसके घर कमरा देखने जा रही हो, वही."

म्हटलं, झालं कल्याण! पण कल्याणहून भिवंडीजवळच्या पूर्णा गावातल्या गोदामात रोज ये-जा करून माझा जीव मेटाकुटीला आला होता. डिस्पॅचची नोकरी, गाडी भरून निघेपर्यंत हलता येत नाही. काल्हेरमध्ये परवडणारी आणि नळाला पाणी असलेली तेवढी एकच खोली मिळत होती. घेतली. नवऱ्याला म्हटलं, मालक वेडे आहेत पण पाणी चोवीस तास आहे.

गाव त्यांना दादूस म्हणायचं, आम्ही भाडेकरू मालक. वय सत्तरीच्या आसपास, अंगात बनियन, खाली चौकड्यांची लुंगी, गळ्यात बोटभर जाड सोन्याची साखळी. पूर्वी भातशेती होती. शेतं गेली, त्यांवर गोदामं आली, आणि मालकांची ही तीन मजली बिल्डिंग बरोबर सर्कलच्या तोंडावर उभी राहिली. दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत त्यांची बैठक. तिथे एक खुर्ची, एक माईक, कठड्याला बांधलेले भोंगे आणि आत भिंतीवर मोठा टीव्ही. भोंगे हळदीच्या डीजेवाल्याकडून आणलेले. आमच्या भागात हळद म्हटली की नवरा-नवरीच्या आधी भोंगे ठरतात, त्यामुळे आवाजाचं काही विचारू नका. टीव्हीवर मालिका वगैरे कधीच नाही. मालकांनी स्वतः गॅलरीबाहेर एक कॅमेरा लावून घेतला होता आणि दिवसभर टीव्हीवर सर्कल बघायचे. चार रस्ते, मध्ये तो काळ्या-पिवळ्या दगडांचा गोल, गोलात तो शेंदूर फासलेला देव.

"अहो, गॅलरीतून दिसतंच की! मग टीव्ही कशाला?" मी एकदा विचारलं.

"एक डोला पुरत न्हाय," ते म्हणाले, आणि लगेच माईककडे वळले. "ओ ट्रेलरवाले भैया! भगवान को सीधा चक्कर मारने का! उलटा नहीं! पाप लगेगा और टायर भी फटेगा!"

आणि काय सांगू, तो एवढा मोठा ट्रेलर गुपचूप वळसा घालून गेला. बावीस चाकांवरून अख्खा देश फिरणारा माणूस एका लुंगीवाल्या म्हाताऱ्याला घाबरला! नाही, म्हाताऱ्याला नाही, देवाला. प्रदक्षिणा घालताना देव उजव्या हाताला राहतो आणि सर्कललासुद्धा गाडी तशीच फिरवायची असते, हे मालकांना सुचलं होतं. उलटा घुसणारा माणूस दंडाला भीत नाही, पण देवाला उलटी प्रदक्षिणा म्हटलं की गाडी मागे घेतो.

त्यांची स्वतःची शिकवण होती. "उजवीकडून येनारा पाव्हना. आदी त्याला जाव द्यावा, मंग आपुन घुसाचा." हे दिवसातून कितीदा तरी ऐकू यायचं. सर्कलमधून बाहेर पडताना डावा इंडिकेटर न दाखवणाऱ्यावर त्यांचा विशेष राग. "लोकांना काय सपान पडतंय, तू कुठं जानार त्या?" सकाळी माझं दूध उतू जायचं ते या वाक्याने दचकून. कितीदा मी चरफडले, कितीदा गॅलरीत जाऊन भांडले! ते शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "पोरी, तू रागावतंस, पन सरल जातंस. मना तेवढा बास."

एकदा हवालदार आला. कोणीतरी भोंग्याची तक्रार केली होती. मोटरसायकल लावून जिना चढू लागला, तर वरून आवाज: "साहेब, तुमी उलटे आलाव. मागं जावा, फिरून या, मंग चहा घेव." भर रस्त्यात! मी जिन्यात उभी. म्हटलं, आता मालक आत जाणार. हवालदार जागच्या जागी लालेलाल झाला. मग काय वाटलं त्याला कोण जाणे, खाली गेला, फिरून आला. चहा प्यायला आणि भोंगे थोडे खालच्या आवाजात लावा एवढंच सांगून गेला. मालकांनी दोन दिवस लावले.

पुतण्याच्या लग्नात तर कहर केला. नवरदेवाची फुलांनी सजवलेली गाडी, पुढे बँजो, मागे अख्खं गाव, आणि बँजोवाले नाचाच्या नादात सर्कलला उलट्या बाजूने शिरले. गॅलरीतून गर्जना झाली. आता पंचाईत अशी, की नवरदेवाची गाडी मागे घ्यायची नाही, अपशकुन होतो, हे तिथलं पोरसुद्धा सांगेल. आणि मालक पुढे जाऊ देईनात. नवरदेवाची आई रडकुंडीला आली, मुहूर्त टळत होता. शेवटी मालकांनीच वरून निवाडा दिला: "नवरदेवाला खाली उतरवा! नवरदेव न्हाय तर ती कसली नवरदेवाची गाडी? घ्या मागं!" मग रिकामी गाडी मागे घेतली, नवरदेव मुंडावळ्या सावरत पायी सर्कलला वळसा घालून आला आणि पुन्हा गाडीत बसला. आमच्या खालच्या गाळ्यातले टायरवाले चाचा, भिवंडीतल्या जुन्या कोकणी मुसलमान घरातले, पोट धरून हसत होते. ते मात्र कधी उलटे गेले नाहीत. कोणी छेडलं की म्हणायचे, "देव तुमचा असंल, सर्कल आपलं सगल्यांचं हाय ना?"

हे सगळं सुरू कसं झालं, ते मला काकींनी सांगितलं. काकी म्हणजे मालकांची बायको. बारीक चणीच्या, गुडघे धरलेल्या, बोलणं कमी. सर्कल नवीन झालं तेव्हा कोणीच वळसा घालत नव्हतं. एक दिवस कापडाच्या लूमवरची शिफ्ट संपवून मोटरसायकलवर निघालेला एक तरुण मुलगा उलट्या आलेल्या टेम्पोखाली गेला. मालक धावत खाली गेले. त्याचं डोकं यांच्या मांडीवर होतं. तो त्यांच्याकडे बघून काहीतरी बोलत होता, पण त्याची भाषा यांना कळली नाही, आणि तसाच गेला. त्यानंतर मालकांनी भोंगे आणले आणि वर्षभर घसा फोडून ओरडले. लोक हसायचे. मग एके दिवशी सकाळी सर्कलच्या मध्ये शेंदूर लावलेला दगड दिसला. पहिल्यांदा बघितला मालकांनीच. भोंग्यावरून पुकारलं, "देव निघाला!" सगळं गाव लोटलं. तेव्हापासून गाड्या सरळ.

"चमत्कारच म्हणायचा," मी म्हटलं.

काकी तांदूळ निवडत होत्या. "व्हय," एवढंच बोलल्या.

मग त्यांच्या नातीचं बारसं आलं. आमच्याकडे पाळण्यात बाळाच्या आधी वरवंटा निजवतात. त्याला झबलं-टोपडं घालायचं, गोप्या म्हणायचं, बायकांनी पाळण्याच्या वरून खालून एकमेकींच्या हातात द्यायचं आणि मग खरं बाळ आत. काकी त्या दिवशी वरवंटा शोधून शोधून थकल्या. पाटा जागेवर, वरवंटा गायब. "माझ्या सासूचा हाय तो! माझी सगली पोरा त्याच्या मागून पालन्यात गेली! खालच्या अंगाला टवका हाय, थोरल्याने पाडला होता तवाचा!" माळा उपसला, पलंगाखाली झाडू घातला. मालक दारात उभे राहून म्हणाले, "मिक्सर आला तवा कुनी तरी टाकला असंल. शेजारनीचा आना." काकींनी त्यांच्याकडे असं बघितलं, की मीच खाली बघितलं. शेजारणीचा वरवंटा आणला, पण काकींचं मन काही लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी नातीला देवाच्या पायावर घालायला म्हणून त्या सर्कलवर गेल्या. आणि त्या दिवसापासून एक नवीनच सुरू झालं. रोज संध्याकाळी, दिवेलागणीला, हातात पणती, तेल आणि शेंदराची वाटी घेऊन काकी रस्ता ओलांडायच्या. गुडघे धरलेले, ऐकू कमी, समोरून कंटेनर! देवाला तेल-शेंदूर लावायच्या, दिवा लावायच्या, परत यायच्या. गावातल्या बायका कौतुकाने म्हणायच्या, काकींचा देव कसा नेहमी ओला लाल! मालकांचा मात्र त्या वेळी जीव टांगणीला. "नको जाव म्हनतो मी! घरातून हात जोड!" त्या ऐकायच्या नाहीत. "तुमीच ना म्हनलाव देव निघाला? मंग दिवा नको?" मग मालक माईक घेऊन, काकी पलीकडे पोचेपर्यंत, एकेका गाडीला शिव्या घालत बसायचे.

काकी जायला लागल्या म्हणून बाकीच्याही जायला लागल्या. पोरांनी देवावर पत्र्याचं छप्पर टाकलं. मग बाजूला झेंडे, मग पुढाऱ्यांच्या फोटोंचा भला मोठा फ्लेक्स. ट्रकवाले सर्कलमध्येच गाडी उभी करून नारळ फोडायला लागले. ज्या सर्कलमध्ये थांबायचं नाही म्हणून मालक बोंबलायचे, तिथेच आता रांग! आणि त्या छपराआडून उजवीकडचं काही म्हणजे काही दिसेना. मालक भोंग्यावरून सांगायचे, छप्पर काढा रं, पाव्हना दिसत न्हाय. पोरं खालून ओरडायची, "दादूस, देव उन्हात ठेवाचा कं?"

त्याच सुमारास वाहतूक खात्याने सर्कलवर खांब उभा केला. खरा कॅमेरा, उलटा गेलात की नंबर टिपून दंड घरी पाठवणारा. मालकांना केवढा आनंद! खांबाला हार घातला, पेढे वाटले. "आता मी सुटलो! आता त्यो बगील!" कॅमेरा बसवायला आलेला तरुण इंजिनीअर शिडीवरून उतरला आणि म्हणाला, "काका, ह्या छपरामुळे अर्धं सर्कल दिसतच नाही. देव थोडा बाजूला घ्यावा लागेल." पोरांनी ऐकलं आणि भडकलीच. देव हलवायचा? इंजिनीअर बिचारा शिडी काखेत मारून पळाला.

पुढची संध्याकाळ मी अजून विसरले नाही.

मी काकींची डाळीची वाटी परत द्यायला वर गेले होते. मालक टीव्हीसमोर, माईक हातात. टीव्हीवर काकी दिसत होत्या, दिवा लावून परत निघालेल्या. त्या छपराच्या कडेला आल्या आणि येणाऱ्या गाड्यांना पत्र्याआड झाल्या. उजवीकडून एक टेम्पो येत होता. त्याला त्या दिसत नव्हत्या, त्यांना तो दिसत नव्हता. दिसत होतं ते फक्त आम्हा दोघांना.

"मालक, ओरडा!" मी किंचाळले.

त्यांनी तोंड उघडलं. माईक ओठांना लागलेला. पण आवाज नाही! घशातून नुसती हवा. जगाला ओरडणारा माणूस, आणि स्वतःच्या बायकोच्या वेळी त्याची वाचा बसली. बाहेर ब्रेकचा करकर आवाज झाला. काहीतरी फुटलं. मी डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा टीव्हीवर टेम्पो तिरका उभा होता आणि काकी त्याच्या बोनेटला हात टेकून. धडधाकट! पणती फुटली होती, लुगड्यावर शेंदूर सांडला होता. त्या लांबून रक्तासारख्या लाल दिसत होत्या, आणि मालक ते बघून खुर्चीतून खाली बसले, सरळ फरशीवर. मी पाणी दिलं. ते म्हणाले, "माझ्या हातचा पाप हाय, पोरी." मला काही कळलं नाही. मला वाटलं, घाबरलेत.

दुसऱ्या दिवशी रविवार. कॅमेऱ्याच्या विरोधात गाव सर्कलवर जमलं होतं. पुतण्या, तोच लग्नातला, पुढे उभा राहून देव हलवू देणार नाही म्हणून भाषण करत होता. मीही खाली होते, टायरवाल्या चाचांच्या गाळ्यापाशी. आणि भोंगा खरखरला.

"ऐका रं सगल्यांनी. त्यो देव न्हाय."

पुतण्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"त्यो वरवंटा हाय. आमच्या घरचा. मीच ठेवला, शेंदूर मीच लावला. वर्सभर बोंबलून सांगितला, सीदे जा, तुमी हसलाव. देवाला तरी भ्याल म्हनून देव केला. आता त्याचाच छप्पर माझ्या बायकोच्या जिवावर उठला. उचला त्यो. पाप लागंल ते मना लागू द्या."

बाई गं! मी स्वतः त्या दगडाला दोन नारळ वाहिले होते! आणि आजूबाजूचे लोक बोलायला लागले, ते ऐकून मी आणखीच थक्क झाले. कोणाचा विश्वासच बसला नाही! एक म्हणाला, म्हातारपणी डोक्यावर परिणाम झाला. दुसरा म्हणाला, कॅमेरावाल्यांनी फितवला. पुतण्या हात जोडून वर ओरडला, "काका, देवाची मस्करी नका करू! देव कुठं खोटा होतो?"

मालक माईकवरच रडायला लागले. "अरे खरा सांगतंय मी…"

आणि भोंग्यातून दुसरा आवाज आला. बारीक, थकलेला. माईक चालूच आहे हे वर त्या दोघांच्या गावीही नव्हतं.

"गप ऱ्हावा आता. कशाला रडताव?"

"तू तरी ऐक गं. त्यो तुझा वरवंटा हाय. मी चोरला."

"मना म्हाईत हाय."

सर्कलवर माणसं उभीच्या उभी राहिली. चाचांच्या हातातला पाना हातातच.

"तुला… कवापासून?"

"नातीला त्याच्या पायावर घातली तवा. हात लावला, खाली टवका लागला. पालन्यात घातलेला गोप्या माझा, मी वलखनार न्हाय कं?"

"मंग रोज दिवा लावाला कशाला गेलीस? जीव जात होता तुझा!"

काकी म्हणाल्या, "शेंदूर पावसात उतरतो. टवका उगडा पडला असता, तर थोरल्याने वलखला असता. गावात तुमची काय लाज ऱ्हायली असती? म्हनून रोज लेप द्याचे. आनि गाड्या सरल जात होत्या ना, अवं. त्या पोराच्या नंतर एक तरी गेला कं हितं?"

माझ्या डोळ्यांना धार लागली. हुंदका नाही, काही नाही, नुसती धार. एवढे महिने मी त्यांना भाबडी म्हातारी समजत होते. कंटेनरसमोरून गुडघे ओढत ती बाई देवाला भेटायला जात नव्हती, नवऱ्याचं खोटं झाकायला जात होती! आणि तो तिकडे तिच्या जिवासाठी स्वतःचं खोटं गावासमोर उघडं करत होता. पुतण्याने डोक्याचा भगवा रुमाल काढला आणि हातात चुरगळत उभा राहिला. म्हाताऱ्यावर न बसलेला विश्वास काकींवर बसला होता. त्यांच्या वरवंट्याचा टवका त्यालाही ठाऊक असणार, त्याच घरातला तो.

तो देवाकडे निघाला, तर भोंग्यातून काकींचा आवाज: "कोनी हात लावू नका. मी येते. माझा हाय तो."

त्या जिन्याच्या दारात आल्या. पदर खोचलेला. रस्त्यावर गाड्या चालूच होत्या. काय चाललंय ते बाहेरगावच्या ड्रायव्हरांना काय माहीत! आणि मालकांचा तो गाड्यांवर ओरडणारा आवाज परत आला. आदल्या संध्याकाळी बसलेला तो आवाज.

"ओ कंटेनरवाले भैया, रुको. ए टेम्पो, थांब. ए रिक्षा. सगले थांबा. आज उजवीकडचा न्हाय, डावीकडचा न्हाय. माझी म्हातारी रस्ता ओलांडते."

थांबले. चारी रस्ते थांबले. भिवंडीत, भर रविवारी, आणि एकाने हॉर्न मारला नाही. काकी गेल्या, छपराखाली वाकल्या. शेंदराचे थर चढून तो वरवंटा केवढा जाड झाला होता! त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला, पदरात घेतला, आणि पदराच्या टोकाने त्याचं तोंड पुसलं. मग सरळ घराकडे येता आलं असतं, पण त्या काळ्या-पिवळ्या दगडांच्या कडेकडेने, सर्कल उजव्या हाताला ठेवून, हळूहळू फिरून यायला लागल्या. गुडघ्यांनी जेवढं चालवेल तेवढंच.

वर गॅलरीत मालक कठड्याला धरून उभे होते. त्यांनी माईक तोंडाजवळ घेतला, आणि एवढ्या दिवसांत मी त्या भोंग्यातून ऐकला नव्हता इतक्या हळू आवाजात म्हणाले,

"सावकाश ये गं. उजवीकडून कोनी येत न्हाय. मी बगतंय."